रद्दीतून कागद: मुलांसोबत पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा घरी कागद करायला बसलो तेव्हा मी लगदा मुद्दाम घट्ट ठेवला होता. पातळ लगद्याचा कागद फाटेल, घट्ट लगद्याचा टिकेल, असा सरळ हिशोब होता माझा. जाळीवर बोटभर जाडीचा करडा थर बसला. चार दिवस झाले तरी तो वाळेना. पाचव्या दिवशी कडेला काळे ठिपके दिसले आणि कुबट वास यायला लागला. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. रोज सकाळी उठल्या उठल्या ती त्या थराला हळूच बोट लावून बघायची. तो टाकून द्यावा लागला, त्या दिवशी ती काही बोलली नाही, पण मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर आम्ही हा उद्योग खूपदा केला. कधी दोघीच, कधी तिच्या सात-आठ मित्रमैत्रिणींना घेऊन. आता पहिल्याच बैठकीत प्रत्येक मुलाच्या हातात कागद येतो. फरक पडला तो दोन गोष्टींनी. पाणी भरपूर आणि लगदा अगदी कमी ठेवायचा, ही एक. मुलांना फक्त बघायला न बसवता चौकट त्यांच्याच हातात द्यायची, ही दुसरी. पुढे प्रत्येक पायरीत या दोन गोष्टी येत राहतील.

वेळेचं आधी सांगते. हे एका दुपारचं काम नाही. पहिल्या संध्याकाळी कागद फाडून भिजत घालायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी लगदा करून कागद उचलायचे, आणि ते वाळायला पुढचा एक दिवस. हवा दमट असेल तर दोन-तीन दिवसही लागतात. मुलांना हे सुरुवातीलाच सांगून ठेवा, म्हणजे दर तासाला "झाला का?" असं विचारून ती हिरमुसणार नाहीत.

काय काय लागेल

- एका बाजूने वापरलेले ए४ कागद, साधारण १५
- एकाच मापाच्या दोन लाकडी चौकटी (जुन्या फोटोफ्रेम चालतात) आणि खिडकीला लावतात ती बारीक जाळी
- पसरट टब. चौकट दोन्ही हातांनी धरून आत बुडवता आली पाहिजे, एवढा मोठा
- मिक्सर, किंवा घट्ट झाकणाची रुंद तोंडाची बरणी
- जुन्या चादरीचे किंवा सुती कापडाचे तुकडे, चौकटीपेक्षा चारही बाजूंनी चार बोटं मोठे, २५-३० तरी
- स्पंज, दोन सपाट फळ्या, वजनाला जाड पुस्तकं किंवा पाण्याने भरलेल्या बाटल्या
- बारीक गाळणी, मग, जुना टॉवेल, आणि जमिनीवर अंथरायला प्लॅस्टिकचा कागद

कापडाच्या तुकड्यांची संख्या बघून लोक ती कमी करतात आणि नेमके तिथेच अडकतात. एका कागदाला एक कापड लागतंच, कारण ओला कागद वाळेपर्यंत त्या कापडावरून हलवता येत नाही.

१. रद्दी निवडा

पहिल्या वेळेला वर्तमानपत्र घेऊ नका. रद्दी म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं, पण त्याचा कागद करडा आणि मऊ होतो, शाई हाताला लागते, आणि त्यात लिग्निन हा लाकडातला तंतू जोडून ठेवणारा घटक शिल्लक असल्यामुळे उजेडात तो पिवळा पडत जातो. छपाईचे, वहीचे, झेरॉक्सचे कागद घ्या. त्यांचे तंतू जास्त मजबूत असतात. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, पाकिटं, कागदी पिशव्या हेही थोड्या प्रमाणात मिसळता येतं.

हे मात्र बाजूला काढा: मासिकांचे चकचकीत कागद, प्लॅस्टिकचा किंवा मेणाचा थर असलेले कप आणि डबे, आणि यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या. या पावत्यांवर उष्णतेने काळा होणारा रासायनिक लेप असतो. तो लहान मुलांच्या हाताला नको. पावती ओळखायची खूण सोपी आहे: नखाने जोरात ओरखडा काढला की काळी रेघ उमटते. हात पुसायचे जाड कागदी रुमालही लगद्यात नीट विरघळत नाहीत, कारण भिजल्यावर फाटू नयेत म्हणूनच ते तसे बनवलेले असतात. शंका आली तर कागदाचा तुकडा बरणीत पाणी घालून दोन मिनिटं हलवा. तो सुटायला लागला तर घ्या, जसाच्या तसा राहिला तर सोडून द्या.

आपला कागद पांढराशुभ्र होणार नाही. मुलांना आणि आपल्यालाही हे आधीच माहीत असलेलं बरं. शेकडो वर्षांपूर्वी जपानमध्ये लिहून झालेले कागद पुन्हा भिजवून नवे करत, तेव्हा शाई पूर्ण निघत नसे. त्या करड्या कागदाचं नावच उसुझुमीगामी, म्हणजे फिक्या शाईचा कागद. छापील कागदातली शाई काढून पुन्हा लिहिण्याजोगा कागद करायच्या पद्धतीचं पेटंट मथायस कूप्स यांनी १८०० साली इंग्लंडमध्ये घेतलं. घरी शाई काढायला ब्लीच वापरावं असा सल्ला कुणी दिला तरी मुलांच्या कामात ते आणू नका. करडी छटा असू द्या. माझ्या मुलीच्या एका कार्डात जुन्या गणिताच्या वहीतला अर्धा निळा ७ दिसतो आणि तिला ते कार्ड सगळ्यांत जास्त आवडतं.

२. चौकट तयार करा

पहिल्यांदा पोस्टकार्डाएवढी, म्हणजे आतून १० बाय १५ सेंटीमीटरची चौकट घ्या. ए४ मापाची ओली चौकट मोठ्यांच्याही मनगटाला जड जाते, आणि मुलाच्या हातात ती वाकडी होते.

दोन्ही चौकटींपैकी एकीवर जाळी ताणून लावायची. दुसरी तशीच रिकामी. रिकामी चौकट जाळीच्या वर ठेवली की लगदा बाहेर सांडत नाही आणि कागदाला कड येते. रिकाम्या चौकटीची उंची दीड-दोन सेंटीमीटर असली की पुरते. जाळी स्टेपलने किंवा लहान खिळ्यांनी ठोका, आणि ठोकताना एक बाजू पूर्ण करून मग समोरची बाजू ओढून घ्या. मध्यभागी बोट ठेवल्यावर खड्डा पडता कामा नये. सैल जाळीत लगदा मध्यभागी साचतो आणि कागद उतरताना फाटतो. आमचे पहिले कितीतरी कागद केवळ या एका कारणाने गेले.

तारेची जाळी असेल तर कापलेली टोकं बोटाला टोचतात. कडेने जाड चिकटपट्टी लावून घ्या. लाकूडकाम जमत नसेल तर भरतकामाच्या गोल रिंगमध्ये जाळी ताणा. गोल कागद होतो, आणि गोल कागद मुलांना फार आवडतो.

३. फाडा, भिजवा

आधी स्टेपलच्या पिना, टाचण्या, चिकटपट्ट्या, पाकिटाच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या सगळं काढून टाका. मिक्सरच्या पात्यात गेलेली एक पिन पातं खराब करते आणि लगद्यात राहिलेली पिन बोटात घुसते. हे काम मुलांना द्या, पण शेवटची तपासणी तुम्ही करा.

मग नखाएवढे तुकडे. कात्रीने कापू नका, हातानेच फाडा. कात्रीने तंतू तुटतात, फाडल्यावर ते एकमेकांपासून सुटतात आणि कडेला लव दिसते. ती लव मुलांना उजेडात धरून दाखवा. कागद म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांना दिसतं: बारीक तंतूंची एक चटई. लाकडाचा एक तंतू साधारण १ ते ३ मिलिमीटर लांब असतो.

याच वेळी आणखी एक गंमत करा. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडा, मग आडवं फाडा. एका दिशेने ते सरळ रेषेत फाटत जातं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. यंत्रावर कागद वेगाने पुढे सरकत असताना बरेचसे तंतू त्याच दिशेने झोपतात, म्हणून. फाडलेलं पान जपून ठेवा. आपला कागद तयार झाला की तोही दोन्ही दिशांनी फाडून बघायचा आहे.

तुकडे कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाला. पुठ्ठा किंवा अंड्याचा ट्रे असेल तर पूर्ण दिवस.

४. लगदा करा

मिक्सर मोठ्यांनीच चालवायचा. ओल्या हाताने बटणाला हात लावायचा नाही, आणि मुलांना टबाच्या बाजूला थांबवायचं. भांड्यात मूठभर भिजलेला कागद आणि वर पाऊण भांडं पाणी, हे प्रमाण. पाणी कमी पडलं की मोटर गरम होते. पाच-सहा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. असं तीन-चार वेळा पुरेसं होतं. खूप वेळ फिरवलं तर लगदा मऊ दिसतो खरा, पण तंतू तुटून आखूड होतात आणि कागद कच्चा राहतो.

झाला की नाही हे कसं ओळखायचं? चमचाभर लगदा काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकून ढवळा आणि उजेडात धरा. ढगासारखे तंतू तरंगताना दिसले तर झाला. त्यात अक्षरं ओळखू येणारे तुकडे दिसले तर अजून एकदा फिरवा.

मिक्सर नको असेल तर बरणी. बरणीत अर्धा ए४ कागद भिजवून घाला, तीन चतुर्थांश पाणी भरा, झाकण घट्ट लावा आणि मुलांना हलवू द्या. पाच-दहा मिनिटं लागतात, मुलांची संख्या जास्त असेल तर बरणी हातोहात फिरवता येते. अंगणात किंवा गच्चीत करा. लगदा थोडा जाडाभरडा होतो, पण काम पूर्णपणे मुलांचं असतं, आणि मला स्वतःला हीच पद्धत जास्त आवडते.

बरणी हलवता हलवता माझ्या भाच्याने विचारलं होतं, झाडापासून कागद होतो हे पहिल्यांदा कुणाला सुचलं? त्याला गांधीलमाशीची गोष्ट सांगितली. ती लाकडाचे तंतू खरवडून, चावून, लाळेत मिसळून आपलं घरटं बांधते, आणि ते घरटं म्हणजे कागदच असतो. रेओम्यूर या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १७१९ साली तिच्याकडे पाहूनच लिहिलं की लाकडापासून कागद करता यायला हवा. त्या काळी युरोपात कागद व्हायचा तो जुन्या चिंध्यांपासून. त्याच्याही खूप आधी, इ.स. १०५ मध्ये, चीनच्या दरबारातल्या त्साय लुन यांनी झाडाची साल, ताग-अंबाडीसारखे तंतू, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांपासून कागद करायची रीत राजापुढे मांडली, अशी नोंद आहे. टाकाऊ वस्तूंपासून कागद करणं हे काही आजचं नाही.

५. टब भरा

इथे हिशोब नीट लावा, कारण बहुतेकांचा घोटाळा इथे होतो.

नेहमीच्या ८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) एका ए४ कागदाचं वजन ५ ग्रॅम असतं. टबात ८ लिटर पाणी घेतलं तर त्यात १० कागदांचा, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम कोरड्या कागदाचा लगदा पुरतो. म्हणजे शंभर भाग पाण्यात एक भागसुद्धा कागद नाही. टब बघून तुम्हाला वाटेल, हे तर नुसतं गढूळ पाणी आहे. ते तसंच दिसायला हवं. दुधाळ, ताकापेक्षाही पातळ. उरलेल्या ५ कागदांचा लगदा बाजूला भांड्यात ठेवा.

दर चार-पाच कागदांनंतर टबातला लगदा कमी होतो आणि कागद पातळ निघायला लागतो. तेव्हा राखून ठेवलेल्यातला एक मग ओता आणि हाताने ढवळा. पोस्टकार्डाएवढ्या एका कागदाला दोन-अडीच ग्रॅम लगदा जातो. म्हणजे अर्ध्या ए४ पासून एक कार्ड. एवढ्या लगद्यात २५ च्या आसपास कार्डं सहज होतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. लहान मूल पाण्याने भरलेल्या टबाशेजारी एक मिनिटही एकटं सोडू नका. फोन वाजला तरी नाही. उठायचंच असेल तर मुलाला सोबत घेऊन उठा.

६. कागद उचला

सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे. घाई करू नका, आधी स्वतः चार-पाच वेळा करून बघा.

जाळीची चौकट जाळी वर येईल अशी धरा, त्यावर रिकामी चौकट बरोबर बसवा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी घट्ट दाबून ठेवा. टबातलं पाणी हाताने तळापासून ढवळा, कारण लगदा लगेच खाली बसतो. पाणी अजून फिरतंय तोवरच चौकट समोरच्या बाजूने तिरकी आत घाला, पाण्याखाली आडवी करा, आणि सरळ वर उचला. एका दमात, पण झटका न देता.

पाण्याच्या वर आली की लगेच हलकेच हलवा. एकदा डावी-उजवीकडे, एकदा पुढे-मागे. पाणी जाळीतून खाली जात असतानाचे हे चार-पाच सेकंद महत्त्वाचे. याच वेळात तंतू एकमेकांत आडवेतिडवे गुंततात. वरचं पाणी संपून पृष्ठभाग चमकायचा थांबला की हलवणंही थांबवा. त्यानंतर हलवलं तर बसलेला थर तुटतो. मग चौकट एका कोपऱ्यावर तिरकी धरा आणि निथळू द्या. धार थांबून थेंब पडायला लागले, थेंबही सावकाश झाले, की वरची रिकामी चौकट उचला. उचलताना तिच्यावरून एकही थेंब खाली पडू देऊ नका. ओल्या थरावर पडलेला थेंब गोल डाग होऊन कायमचा राहतो.

बिघडला? भोक पडलं, एका बाजूला जाड झाला? काही वाया गेलेलं नाही. जाळी उलटी करून पाण्याला नुसती टेकवा, सगळा थर पुन्हा टबात उतरतो. ढवळा आणि परत उचला. मुलांना पहिल्यांदा हेच शिकवा. एकदा कळलं की बिघडलेला कागद परत पाण्यात जातो, की ती घाबरत नाहीत आणि हात लवकर बसतो.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी बुडवण्याऐवजी ओतायची पद्धत घ्या. दोन्ही चौकटी एकावर एक धरून रिकाम्या टबात थोड्या पाण्यात आडव्या ठेवा, पाणी जाळीच्या बोटभर वर यायला हवं. मुलाने स्वतः हलवलेल्या बरणीतला लगदा त्या चौकटीत ओतायचा, बोटांनी हलकेच पसरायचा, आणि मग तुम्ही व मूल मिळून चौकट सरळ वर उचलायची. अर्धा कागद आत, एक कार्ड बाहेर. ज्या चित्राचा अर्धा कागद त्या मुलाने फाडला, त्याचंच कार्ड त्याच्या हातात येतं. माझ्या मुलीने तिसऱ्या वर्षी रंगवलेल्या एका जांभळ्या रेघोट्यांच्या कागदाचं आम्ही असं कार्ड केलं. वाळल्यावर त्यात फिकट जांभळे धागे दिसत होते, आणि ते कुठून आले हे ती आल्यागेल्याला सांगत होती.

७. कापडावर उतरवा

फळीवर टॉवेलची घडी, त्यावर ओलं करून पिळलेलं कापड, सुरकुती न ठेवता. कोरड्या कापडावर कागद नीट उतरत नाही.

जाळीची चौकट उभी धरून तिची खालची लांब कड कापडावर टेकवा. मग पुस्तक मिटावं तशी ती कापडावर पालथी करा. आता जाळीच्या पाठीवरून स्पंज दाबत फिरवा, पिळा, पुन्हा दाबा. घासू नका, नुसतं दाबा. स्पंज फारसं पाणी घेईनासा झाला की पहिली टेकवलेली कड तशीच ठेवून दुसऱ्या बाजूने चौकट हळू उचला. कागद कापडावर राहतो. कोपरा जाळीला चिकटून वर यायला लागला तर तिथेच थांबा, चौकट परत खाली ठेवा, त्या कोपऱ्यावर स्पंज दाबा. ओढलं की फाटलाच समजा.

स्पंजचं काम पाच-सहा वर्षांची मुलं सुंदर करतात. आठ वर्षांच्या पुढची मुलं चौकट उचलणं आणि पालथी करणं दोन्ही स्वतः करू शकतात.

त्या कागदावर दुसरं ओलं कापड घाला, त्यावर पुढचा कागद. अशी आठ-दहाची चळत करा.

८. दाबा

चळतीच्या वर कोरडा टॉवेल, त्यावर दुसरी फळी, आणि वर वजन. सगळं उतरत्या जागी किंवा न्हाणीघरात ठेवा, बरंच पाणी निघतं. वजन एकदम न ठेवता थोडं थोडं वाढवा. एकदम ठेवलं तर मऊ लगदा बाजूला सरकतो. मुलांना फळीवर उभं राहू द्या, तोल सांभाळायला हात धरा. मग अर्धा तास वजन तसंच राहू दे.

ही पायरी पुष्कळजण गाळतात, आणि मग कागद पापडासारखा तुटतो. कागदाला एकत्र धरून ठेवायला आपण डिंक घातलेला नाही. पाणी निघून जाताना ओल्या तंतूंना एकमेकांच्या जवळ ओढतं, आणि पुरेसे जवळ आले की तंतूंमधले सेल्युलोजचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. दाबल्याने ते जवळ येतात, म्हणून कागद मजबूत होतो. भिजलेला कागद सहज फाटतो तो याच कारणाने, पाणी त्या बंधांमध्ये शिरून ते सोडवतं.

९. वाळवा

चळत सोडवा आणि प्रत्येक कागद त्याच्या कापडासकट सपाट जागी किंवा दोरीवर सावलीत, वारा लागेल असा ठेवा. कडक उन्हात कडा आधी वाळतात आणि कागद होडीसारखा वळतो. पंख्याचा वारा चालतो, फक्त कापडाच्या कडेला चिमटे लावा.

एक बाजू गुळगुळीत हवी असेल तर कागद कापडासकट खिडकीच्या स्वच्छ काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर दाबून लावा, पाठीवरून लाटणं फिरवा आणि कापड अलगद काढून घ्या. वाळल्यावर काचेकडची बाजू अगदी तुकतुकीत निघते.

पूर्ण वाळला की नाही, हे बोटाला नीट कळत नाही. गालाला लावून बघा. ओल असेल तर गार लागतो. मुलांना ही परीक्षा फार आवडते, आणि ती कधी चुकत नाही. गारवा पूर्ण गेल्यावरच सोडवा, आणि कागद कापडापासून ओढण्यापेक्षा कागद सपाट ठेवून कापड मागे सोलत न्या. वाकलेले कागद जाड पुस्तकांखाली दोन दिवस ठेवले की सरळ होतात. किंचित ओलसर असताना वरून कापड घालून, वाफ बंद ठेवून इस्त्रीही फिरवता येते, पण ते मोठ्यांचं काम.

आता ते जपून ठेवलेलं वर्तमानपत्र काढा. आपला कागद उभा फाडा, आडवा फाडा. दोन्हीकडे तो सारखाच वेडावाकडा फाटतो. चौकट दोन्ही दिशांना हलवली होती ना, म्हणून.

१०. लिहिण्याजोगा करा

चित्र काढायला, खडूने किंवा पेन्सिलने रंगवायला कागद आहे तसाच चालतो. शाईचं पेन टेकवलं तर मात्र टिपकागदासारखी शाई फुटते. त्यासाठी खळ लावायची. एक कप पाण्यात एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घालून पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार करा, आणि मऊ ब्रशने वाळलेल्या कागदाच्या एका बाजूला पातळ हात द्या. पूर्ण वाळू द्या, मग दुसरी बाजू. खळ जाड झाली की कागद कडक होऊन घडीवर तडकतो.

नंतर कागद सपाट फळीवर ठेवून गुळगुळीत गोट्याने किंवा चमच्याच्या पाठीने घोटा. जुने हस्तलिखितांचे कागद असेच घोटलेले असत, म्हणून बोरू त्यांवरून न अडखळता चाले. पाच मिनिटांत हाताखाली फरक जाणवतो.

११. रंग, पाकळ्या, बिया

पहिल्या दिवशी यातलं काहीच नको, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी साधा कागद जमू द्या. पुढच्या वेळी रंगीत कागदाचे तुकडे वेगळे भिजवून त्याचा लगदा करा, रंगाची डबी उघडायची गरजच पडत नाही. हळदीने सुरेख पिवळा येतो, पण उजेडात उडून जातो. ताज्या पाकळ्या तपकिरी पडतात आणि आजूबाजूला डाग सोडतात, म्हणून पुस्तकात दाबून वाळवलेल्याच वापरा, आणि लगद्यात न ढवळता जाळीवरच्या ओल्या थरावर ठेवून वर चमचाभर लगदा घाला. चमकी अजिबात नको. ते प्लॅस्टिक असतं, आणि नंतर पाण्याबरोबर वाहून जातं.

बियांचा कागद करायचा असेल तर लहान, चपट्या बिया घ्या. मिक्सरमध्ये मुळीच नाही, टबातही नाही. ओल्या थरावर चिमूटभर भुरभुरायच्या. मग फार जोरात दाबू नका, इस्त्री करू नका, आणि पंख्याखाली एका दिवसात वाळवा. वाळायला उशीर झाला तर बिया कागदातच मोड काढतात. आमच्याकडे तसं झालं तेव्हा मुलांनी तो कागद तसाच मातीत लावला.

१२. आवरा

टबातलं पाणी मोरीत ओतू नका. लगदा नळीत जाऊन बसतो, तिथे आणखी कचरा अडकतो आणि पाणी तुंबतं. सगळं पाणी गाळणीवर जुनं कापड घालून गाळा. जाळीची चौकट लगेच धुवा, सुकलेला लगदा भोकांत पक्का बसतो.

गाळलेला लगदा तसाच भांड्यात ठेवला तर दोन-तीन दिवसांत त्याला वास मारतो. मुलांना तो मुठीत घट्ट पिळून लिंबाएवढे गोळे करू द्या आणि उन्हात कडकडीत वाळवा. वाळलेले गोळे कोरड्या डब्यात महिनोन्महिने राहतात. पुढच्या वेळी ते आदल्या दिवशी पाण्यात टाका, हाताने फोडा आणि चौथ्या पायरीपासून सुरू करा.